बांधाकडे सरकवलेली खुंटी

श्रीमती गंगम्माबाई मिटकरी यांची व माझी ओळख आमच्या गावच्या साक्षरता वर्गात झाली. आमचे गाव जिंतूर तालुक्यात, बोरीच्या पलीकडे आहे. गाव एकच असूनही तोपर्यंत आमचे बोलणे फारसे नव्हते. त्यांचे घर पेठेत, आमचे वेशीबाहेर. त्यांच्या किराणा दुकानात मी मीठमिरची आणण्यास जात असे, तेव्हा त्या तराजूमागे असत आणि मी पायरीखाली उभी असे. वर्गात मात्र शाळेच्या व्हरांड्यात एकच सतरंजी होती. पुस्तके कमी आली म्हणून दोघींत एक पुस्तक होते. शिकवणारे सिद्धोधन सर आमच्या नातवाच्या वयाचे. त्यांनी पहिल्या संध्याकाळी आम्हा दोघींना शेजारी बसवले आणि आम्ही शेवटपर्यंत तेथेच बसलो.

सरांनी सांगितले आहे की, आपण ज्यांना ओळखले अशा एका माणसाविषयी खरे तेवढे लिहावे. म्हणून मी लिहीत आहे.

वर्गात आल्या तेव्हा गंगम्माबाईंना विधवा होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांचे पती वीरुपाक्ष अप्पा हे दुकान पाहत, आणि ओढ्याकाठी त्यांचे काळ्या मातीचे शेत होते. एके दिवशी सकाळी अप्पांनी दुकानाची फळी काढली, उदबत्ती लावली आणि पोत्याला टेकून बसले, ते उठले नाहीत.

वीरशैव लोकांत मृत माणसाला जाळत नाहीत व निजवतही नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात. त्याच्या गळ्यातले लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, भोवती विभूती व बेल घालतात आणि बसलेल्या स्थितीतच माती देतात. त्यांचे लोक अप्पा वारले असे म्हणत नाहीत, लिंगैक्य झाले असे म्हणतात. एकदा बसवलेल्या माणसाला पुन्हा कोणी उठवायचे नसते. गावात त्यांच्या समाजाची वेगळी जागा आहे. तथापि अप्पांनी आपल्याला शेतातच बसवावे असे सांगून ठेवले होते, व त्याप्रमाणे ओढ्याकडच्या कोपऱ्यात, बेलाच्या रोपाजवळ त्यांना बसवले.

त्यांचा एकुलता मुलगा वीरेश सिकंदराबादेला एका औषध दुकानात कामाला आहे. त्याची गाडी चुकली. दिवस मावळण्याच्या आत माती द्यावी असे विधी करणाऱ्या स्वामींनी सांगितले, आणि माती दिली गेली. वीरेश दुसऱ्या सकाळी आला. तो शेतात गेला नाही. दारात उभा राहून एवढेच म्हणाला, "माज्यासाटी एक रात थांबला न्हाईत." आणि तिसऱ्या दिवशी परत गेला.

मिटकरींच्या घराण्यात अशी रीत आहे की, समाधीच्या ओट्याचा पहिला दगड थोरल्या मुलाने आपल्या हाताने ठेवायचा. तो दगड पडेपर्यंत त्या जागेला समाधी म्हणायचे नाही, तेथे दिवा लावायचा नाही व परक्यास ती दाखवायची नाही. वीरेश पुन्हा आला नाही. त्यामुळे दगड पडला नाही. पावसाळ्यानंतर माती बसली, वर गवत आले, आणि ती जागा बाकीच्या शेतासारखीच दिसू लागली.

गंगम्माबाईंना रडताना मी कधी पाहिले नाही. त्या वेळेवर दुकान उघडत, वेळेवर वर्गात येत, विचारले त्याचे उत्तर देत. कोणी म्हणाले, जेवलात का, तर म्हणत, जेवले. काय जेवलात, असे विचारले तर त्यांना आठवत नसे.

त्या हिवाळ्यात आमच्या शिवारात एका सरकारी खात्याची जीप फिरू लागली. जमिनीच्या पोटात युरेनियम आहे किंवा कसे, हे शोधणारे ते लोक होते. त्यांच्यातले तरुण साहेब नचिकेत हे पुण्याकडचे, बोलण्यात मऊ. त्यांनी चावडीवर येऊन समजावले की, आपल्या काळ्या पाषाणाखाली फार खोल एक जुना गुलाबी दगड झाकला गेला आहे, आणि त्यात शोधायचे आहे. छिद्र घेऊन दगड वर काढायचा, तपासायचा, छिद्र बुजवायचे. तूर्त एवढेच काम. खाण काढणे परवडेल की नाही, हा पुढचा व फार वर्षांचा विचार.

त्यानंतर त्यांनी शिवारात दूर दूर अंतरावर लाल टोकाच्या खुंट्या मारल्या. त्यांतली एक खुंटी गंगम्माबाईंच्या शेतात, ओढ्याकडच्या कोपऱ्यात आली. अप्पांपासून ती बैल वळेल एवढ्याच अंतरावर होती.

त्या दिवशी मी त्यांच्या शेतात तूर उपटण्यास गेले होते, म्हणून पुढचे मी स्वतः ऐकले. नचिकेत साहेबांनी रीतीप्रमाणे विचारले, "आजी, तुमच्या रानात जुनी विहीर, देऊळ, समाधी, असं काही आहे का? असलं तर आम्ही ते रान सोडून देतो."

गंगम्माबाईंनी बेलाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "न्हाई."

"मग इथे मशीन लावू ना?"

"इथं नगं, साहेब. पावसात इथून पान्याची वाट हाय. जराक तिकडं बांधाकडं घ्या की."

साहेबांनी हातातल्या यंत्रात पाहिले, कागदावर काही केले आणि म्हणाले, "चालेल. एवढं सरकवायला हरकत नाही." त्यांनी स्वतः खुंटी उपटली व शेताच्या दुसऱ्या टोकाला, बांधाजवळ ठोकली.

ते गेल्यावर मी विचारले, "गंगम्माबाई, न्हाई कामून म्हनलात? अप्पा हायेत की तिथं."

"दगूड कुटं पडलाय अजून," त्या म्हणाल्या. "पोरानं दगूड ठिवल्याबिगर परक्याला कसं दावू? खुंटी हलली न्हवं, झालं." आणि त्या तूर उपटू लागल्या.

मशीन आले. मोठे तिकाटणे उभे राहिले, पाण्याचा टँकर आला, आणि रात्रंदिवस घरघर सुरू झाली. आमच्या गावाला बोअर म्हणजे पाण्याचे, एवढेच ठाऊक. म्हणून बांधावर माणसे बसून राहत. भुजंग म्हणून आमच्याकडचा एक थट्टेखोर गडी आहे, तो मशीनवाल्यांना रोज छेडायचा.

"इतकं खोल गेलाव, पानी न्हाई लागलं व्हय?"

"हमको पानी नहीं मंगता, मामू," मशीनवाला म्हणायचा. तो तेलंगणातला होता.

"पानी नगं? मंग येडे हाव का काय तुमी! आमच्यात पान्यासाटी लोकं बायकूचं डोरलं मोडतेत!"

"पत्थर होना हमको, पत्थर."

"अरं दगूड पाहिजे तर वरच घ्या की! ह्या रानात दगडाबिगर हाय काय दुसरं? फुकट वेचून देतो."

सगळे हसत. गंगम्माबाई मशीनवाल्यांसाठी दुकानातून चहापत्ती, साखर देत. घरघरीने झोप लागते का असे मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "झोप तशीबी न्हवती."

जमिनीतून दगडाच्या लांब गोल कांड्या निघत. त्या खणांच्या पेट्यांत ओळीने मांडून ठेवत. पुष्कळ दिवस नुसत्या काळ्या कांड्या आल्या. मग एके दिवशी गुलाबी दगड आला, पेरूच्या गराच्या रंगाचा. त्यानंतर साहेबांनी छिद्रात तारेने एक यंत्र सोडले आणि दिवसभर जीपमध्ये बसून आकडे पाहत राहिले. संध्याकाळी ते जिंतूरहून पेढे घेऊन दुकानावर आले. मी तेव्हा तेथेच होते.

"आजी, तोंड गोड करा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "तुमच्या रानात युरेनियमची शीर लागली. अगदी अरुंद आहे. मूळ खुंटीवर छिद्र घेतलं असतं तर ती हुकलीच असती. तुम्ही बांधाकडे घ्या म्हणालात, म्हणून सापडली. सगळं श्रेय तुमचं आहे."

गंगम्माबाईंनी पेढा घेतला. तो त्यांनी खाल्ला नाही, पदरात बांधला. साहेब गेल्यावर एक गिऱ्हाईक आले, त्याला त्यांनी गूळ तोलून दिला. गूळ देऊन झाल्यावर म्हणाल्या, "सुमनबाई, मीच दावलं की."

मी पायरीखालीच उभी राहिले.

यानंतर खुंट्या दूर दूर पडल्या नाहीत. त्या बांधाभोवती जवळ जवळ पडू लागल्या. एकामागून एक छिद्रे झाली. प्रत्येक छिद्र बुजवून त्यावर सिमेंटचा गोल टोप बसवत. पहिला टोप वाळला, तेव्हा तो पिंडीसारखा दिसे. गावातल्या काही बायका सोमवारी त्यावर पाणी घालू लागल्या, विभूती लावू लागल्या. गंगम्माबाई बांधावर उभ्या राहून पाहत. एकदा म्हणाल्या, "त्यात कुनी न्हाई, बायांनो. ज्यात हाय ते तिकडं हाय." बायांना ते समजले नाही. त्यांनी ओंजळभर पाणी घातले आणि त्या गेल्या.

वर्ष उलटले. खाण काढता येईल का, परवडेल का, गावाचे काय होईल, याचा अहवाल करण्याचे काम निघाले. त्यासाठी शाळेत सभा झाली. भिंतीवर नकाशा लावला होता. त्यात आमचा ओढा निळा होता आणि गंगम्माबाईंच्या शेतावर एक लाल गोल होता. खात्याचे मोठे साहेब म्हणाले की, काही ठरलेले नाही. परंतु ठरलेच तर जमिनीत उतरण्याचा उभा बोगदा त्या गोलात घेणे सोयीचे, आणि निघालेला दगड ओढ्याकडच्या बाजूला टाकणे सोयीचे. देवळे, मशिदी, समाध्या, दर्गे यांची पाहणी पूर्वीच झाली आहे व त्या जागा वगळूनच आराखडा केला आहे.

लोकांनी आपापले विचारले. कोणी पाण्याचे, कोणी नोकरीचे. एका म्हातारीने विचारले की, त्या दगडाने पोरे आंधळी होतात काय. मोठ्या साहेबांनी एकेकाला उत्तर दिले.

मग गंगम्माबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज हळू होता, तरी सर्वांस ऐकू गेला. "साहेब, त्या वड्याकडच्या कोपऱ्यात माजा मानूस बसलाय."

मागून कोणी तरी म्हणाले, "आत्ता उगवला व्हय अप्पा?" थोडे हसू झाले. ज्यांनी माती दिली होती ते हसले नाहीत, पण तेही बोलले नाहीत.

नचिकेत साहेब नकाशाजवळ उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "आजी, मी तुम्हाला विचारलं होतं."

"इचारलं व्हतं."

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी त्या रानात छिद्रच घेतलं नसतं. ओढ्यापलीकडे गेलो असतो."

"व्हय," गंगम्माबाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

मोठे साहेब चांगले गृहस्थ होते. ते म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही. तेथे ओटा वगैरे असेल, गावकऱ्यांनी पुष्टी दिली, तर पाहणीत दुरुस्ती करता येईल. दगड टाकण्याची जागा तरी हलवता येईल. बोगद्याचे मात्र आपण सांगू शकत नाही, कारण शीर जेथे आहे तेथेच आहे.

ओटा म्हणजे पहिला दगड, आणि पहिला दगड म्हणजे वीरेश. पुढच्या वर्गाला सिद्धोधन सरांनी आपल्या फोनवरून त्याला फोन लावून दिला. आवाज मोठा होता, म्हणून शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आला.

"आता कसा बांधू, आई?" वीरेश म्हणाला. "आता बांधला तर लोकं काय म्हनतील? सरकारचं पैसं वाढवायला बापाची समाधी उभी केली म्हनतील. भुजंग्या तर बाजारात बोंबलत फिरंल."

"म्हनू दे की."

"तुला काय, तू घरात असतीस. मला चार मान्सांत बसावं लागतं." मग थोडे थांबून तो म्हणाला, "अन् तसंबी खाण झाली तर समदंच उठवतील. मंग दगूड ठिवून काय?"

"बरं," गंगम्माबाई म्हणाल्या. फोन सरांना परत दिला आणि पुस्तक उघडले. त्या दिवशी जोडाक्षरे होती. त्यांनी पाटीवर अप्पांचे नाव लिहिण्याचा प्रयत्न केला, पुसले, पुन्हा लिहिले. मला दाखवले. बरोबर होते. त्यांनी तेही पुसले.

भुजंगने पुढे खरोखर तसेच केले. दुकानासमोर उभा राहून म्हणाला, "काकू, माज्या बी रानात एखादा अप्पा बसवू द्या की! भाव लय चढलाय म्हनं." गंगम्माबाईंनी त्याला विचारले, काय पाहिजे. तो म्हणाला, तंबाखू. त्यांनी तंबाखू दिली.

दोन पावसाळे गेले. मशीन कधी येई, कधी जाई. अहवाल कोठे तरी वरच्या कार्यालयात होता. गंगम्माबाई संध्याकाळी शेतात जात, बेलाच्या झाडापासून हातभर अंतरावर बसत आणि परत येत. दिवा लावत नसत, कारण दगड पडला नव्हता. त्यांचा रंग पिवळा पडत गेला. परभणीला नेऊन तपासले, गोळ्या दिल्या. त्या गोळ्या वेळेवर घेत. बरे वाटते का असे विचारले तर म्हणत, "घेतल्या."

माघ महिन्यात एका दुपारी त्या गेल्या. या वेळी वीरेशला आधी कळवले होते, व तो आदल्या दिवशीच आला होता. त्याने आईच्या तोंडात पाणी घातले. नंतर ओसरीवर समाजाची माणसे बसली आणि विचार सुरू झाला की, कोठे बसवावे.

बहुतेकांचे मत गावच्या जागेचे पडले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. शेत उद्या राहील की नाही कोणास ठाऊक. बसवलेल्या माणसाला उठवणे पाप, मग जेथून उठवतील तेथे बसवावेच कशाला? गावची जागा नकाशात आहे, तिला कोणी हात लावणार नाही. एक नातेवाईक म्हणाले, "अप्पाचं झालं ते झालं. मावशीला तरी ठिकाण्यावर बसवा."

स्वामींना विचारले. ते म्हणाले, "शास्त्र दोन्हीकडं एकच हाय. मुलानं सांगावं."

वीरेश भिंतीला टेकून बसला होता. त्याची नजर जमिनीवर होती. मी अंगणात, बायकांच्या मागे उभी होते. त्याने मान वर करून मला पाहिले आणि म्हणाला, "सुमनमावशी, रोज तुमच्यापाशी बसायची ती. मला तर बरं म्हनून फोन ठिवायची. तुमाला काई बोलली व्हती का?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी पायरीजवळ आले आणि त्या जे बोलल्या होत्या ते जसेच्या तसे सांगितले.

वीरेश उठला. त्याने कोपऱ्यातले फावडे घेतले आणि शेताकडे निघाला. मागून माणसे गेली. भुजंगही गेला, आणि माती काढताना तो एक शब्द बोलला नाही. दिवस मावळण्याच्या आत गंगम्माबाईंना बसवले. लिंग डाव्या तळहातावर ठेवले. दुसऱ्या सकाळी वीरेशने ओढ्यातून दगड उचलून आणला व ठेवला. आता तेथे दोघांचा मिळून एक ओटा आहे, मातीचा व दगडांचा. वीरेश सोमवारी येऊ शकत नाही, म्हणून दिवा मी लावते.

नचिकेत साहेब नंतर आले होते. त्यांनी पायातले बूट काढले, ओट्याभोवती फिरून यंत्रात नोंद घेतली. मी विचारले, आता हे राहील काय. ते म्हणाले, "नोंद मी करतो, आजी. राहील की नाही ते मला खरंच सांगता येत नाही." बांधावर सिमेंटचा तो पहिला टोप अजून आहे. अहवाल अजून आलेला नाही. तूर यंदा बरी आहे.

त्या जे बोलल्या होत्या ते वर्गातले आहे. सरांनी वर्ग सोडला होता, सतरंजी गुंडाळायची होती. गंगम्माबाईंनी पाटी ओल्या फडक्याने पुसली, माझ्या हातात दिली आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "सुमनबाई, मला गावच्या जागंत नगं. उठवायचं झालं तर दोगांला संगंच उठवतील. मला अप्पांच्या बाजूला बसवा म्हनावं पोराला."